रोज एक पक्षी काढा, पण पोस्टकार्डाएवढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षीसप्ताह तोंडावर आला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा, म्हणून २०२० पासून राज्यात हे दिवस पक्षीसप्ताह म्हणून साजरे होतात. (नावाला सप्ताह, मोजायला गेले तर दिवस आठ.) फेऱ्या, व्याख्याने आणि छायाचित्रांची प्रदर्शने यांच्या बातम्या आपल्या अंकात येतातच. त्यांच्या जोडीला आता आणखी एक प्रकार रुळला आहे. हौशी चित्रकारांचे गट आधी यादी लावतात, दिवसाला एक पक्षी ठरलेला असतो, ज्याने त्याने तो त्या दिवशी काढायचा आणि रात्री गटावर टाकायचा. कुठे हे महिनाभर चालते, कुठे शंभर दिवस. सुरुवात दणक्यात होते आणि दुसरा आठवडा लागेपर्यंत बरेच जण गप्प झालेले असतात. विचारले की उत्तर एकच, 'वेळ मिळत नाही.'

वेळेची तक्रार खरी असली तरी मूळ दुखणे दुसरे आहे. कागद मोठा घेतलेला असतो, यादी मोसम न बघता केलेली असते आणि चुकलेल्या दिवसांची थकबाकी वसूल करायचा नियम असतो. या तिन्ही गोष्टी गट चालवणाऱ्यांच्या हातात आहेत. यंदा ज्यांना असा उपक्रम सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी आकाराचे बोलू. ए४ कागदावर पक्षी काढायला घेतला की पार्श्वभूमी आली, फांदी आली, पानापानाची शीर आली. दोन-तीन तास सहज जातात. नोकरी-संसार सांभाळून हे रोज होणे नाही. त्याच ए४चे चार सारखे तुकडे केले की ए६ मिळतो, १०.५ बाय १४.८ सेंटिमीटर, पोस्टकार्डाहून किंचित मोठा. या तुकड्यावर वीस मिनिटांत पक्षी होतो आणि फसला तर फार वाईट वाटत नाही. शिवाय एक गंमत आहे. शिंपी शेपटीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणी १५च्या आसपास. म्हणजे हे पक्षी या कागदावर जवळजवळ खऱ्या मापात बसतात. शिंपी खऱ्या मापात काढला की तो केवढासा आहे हे पहिल्यांदा नीट लक्षात येते. फोटोत तो साळुंकीएवढाच दिसत असतो.

कागद २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) असला तर हलक्या जलरंगाला पुरतो. ३०० जीएसएम उत्तमच, पण रोजच्या सरावाला तो महाग पडतो, आणि कागद महाग असला की हात आखडतो. साधा १४०-१५० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एक हात, सहन करतो. दुसरा दिला की फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. तोच वापरायचा असेल तर चारही कडा मास्किंग टेपने पाटीवर चिकटवा आणि पूर्ण वाळल्याखेरीज सोडू नका. कोकणातल्या दमट हवेत उघडा राहिलेला कागद ओल धरतो आणि मग रंग ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जातो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवणे एवढाच त्यावर उपाय. विदर्भात उन्हाळ्यात नेमके उलटे होते. वॉश फिरवता फिरवता सुकतो आणि त्याची कड उमटते. तिथे आधी नुसते पाणी फिरवून घ्यावे.

पेन्सिली दोन पुरेत, एचबी आणि २बी. ४बीचा मोह टाळावा, कारण तिचे ग्राफाइट पाण्यात मिसळून रंग मळवते. पिवळ्या पक्ष्यांत हे सर्वांत वाईट दिसते: हळद्याच्या पिवळ्यात जरा ग्राफाइट गेले की तो हिरवट, आजारी दिसू लागतो. अशा पक्ष्याचा कच्चा आराखडा गेरूच्या पिवळ्या छटेच्या रंगीत पेन्सिलीनेच करावा, खोडायची गरजच पडत नाही. पेनने बाह्यरेषा काढणार असाल तर शाई वॉटरप्रूफ हवी आणि रंग द्यायच्या आधी ती काही मिनिटे वाळू द्यायला हवी. जेल पेन पाणी लागताच पसरते. साधे बॉलपेन मात्र बहुधा पसरत नाही आणि पिसांच्या छटांसाठी ते फार चांगले चालते. फक्त टोकाला जमणारा शाईचा गोळा अधूनमधून फडक्याला पुसत राहावा.

आता यादी. बहुतेक याद्या 'सुंदर पक्षी' शोधून केलेल्या असतात. त्यामुळे नोव्हेंबरच्या यादीत नवरंग येतो, चातक येतो, पिवळाधमक सुगरण नर येतो. नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो आणि वीण आटोपून दक्षिणेकडे परततो. चातकही पावसाळ्याचा पाहुणा. सुगरणीचा नर पिवळा असतो तो विणीच्या दिवसांत. नोव्हेंबरात घरटी लटकलेली दिसतात, पण नर मादीसारखाच तपकिरी झालेला असतो. जांभळ्या शिंजिराचा नरही विणीनंतर पोटाकडून पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. यादी करणाऱ्याने हे पाहिले नाही की सगळ्यांपुढे इंटरनेटवरचा फोटो उतरवण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही आणि चाळीस जणांची चित्रे एकाच फोटोची निघतात. आम्हाला हे पटत नाही. पक्षी रोज काढण्याचा खरा फायदा हा की दुसऱ्या दिवशी तोच पक्षी तारेवर दिसला तर डोळा नेमका कुठे जातो ते बदललेले असते. नोव्हेंबरात न दिसणारा पक्षी काढून ते कसे होणार?

म्हणून पक्षीसप्ताहापुरती आठ पक्ष्यांची यादी सुचवतो. त्यातले पहिले सात गावाशहरात किंवा जवळच्या पाणथळीवर मिळतात आणि प्रत्येकात शिकण्यासारखी एकेक वेगळी अडचण आहे.

पाच तारखेला साळुंकी. सोपी वाटते, तिथेच लोक फसतात. डोळ्याजवळची पिवळी कातडी सगळे जण डोळ्याभोवती गोल चष्म्यासारखी काढतात. नीट पाहिले तर ती डोळ्याच्या खाली आणि मागे पसरलेली, टोकाकडे निमुळती अशी पट्टी आहे. अंग तपकिरी, डोके काळे. हे दोन रंग जिथे मिळतात तिथे धारदार रेघ नसते, काळा हळूहळू विरतो. पंख मिटलेले असताना पांढरा डाग कडेला थोडासाच डोकावतो.

सहाला ढोकरी, म्हणजे वंचक. स्थिर उभी राहते म्हणून प्रत्यक्ष पाहून काढायला हिच्यासारखा पक्षी नाही. नोव्हेंबरात पाठ मातकट तपकिरी आणि मान-छातीवर उभ्या रेघा. विणीच्या काळातला पाठीचा तांबूस-किरमिजी रंग आता नसतो, त्यामुळे फोटो घेताना महिना तपासावा. रेघा काढताना त्या मानेच्या वळणाबरोबर वळायला हव्यात. सरळ समांतर ओढल्या की मान पाइपासारखी दिसते. बसलेल्या ढोकरीत पांढरा रंग दिसत नाही, तो उडताना पंख उघडले की दिसतो.

सातला लालबुड्या बुलबुल. याच्या पाठीवर आणि छातीवर खवल्यांसारखी नक्षी असते, कारण प्रत्येक गडद पिसाला फिकट कड आहे. ही नक्षी फरशा बसवल्यासारखी सारख्या मापाची काढली की अंगाची गोलाई जाते. मानेपाशी खवले लहान आणि दाट, पाठीवर मोठे, आणि अंग जिथे आपल्यापासून दूर वळते त्या कडेला ते अरुंद होत होत नाहीसे व्हायला हवेत. करायची रीत अशी: आधी सगळीकडे फिकट तपकिरी वॉश, तो वाळल्यावर प्रत्येक पिसाचा मधला भाग गडद रंगाने भरायचा आणि कड सोडायची. पंधरा-वीस खवले नीट काढले की पुरे. बाकीचे नजर भरून घेते. तुरा आखूड असतो. तो उंच टोकदार काढला की लोक शिपाई बुलबुल समजतात.

आठ तारखेला तांबट. हा जवळजवळ उभा बसतो, मान आखूड, चोच जाड, चोचीच्या मुळाशी राठ केस. कपाळ आणि छातीवरचा पट्टा लाल, डोळ्याच्या वर-खाली आणि गळ्याला पिवळा, त्यांना वेगळे करणारी काळी रेघ, पाठ हिरवी, पोटावर फिकट पिवळ्यात हिरव्या रेघा. एवढे रंग लहानशा डोक्यात बसवायचे म्हणजे क्रम पाळावाच लागतो. आधी सगळा पिवळा, मग तो वाळल्यावर हिरवा, मग लाल आणि शेवटी काळा. लाल ओला असताना हिरवा शेजारी लावला की दोन्ही मिसळून चिखल होतो. ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावू नये, तो प्लास्टिकसारखा दिसतो. गॅम्बोज पिवळ्यात थोडा अल्ट्रामरीन निळा घालून केलेला हिरवा जास्त खरा वाटतो. पायांकडे मुद्दाम पाहा. तांबटाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. सुतार, पोपट, कोकीळ, भारद्वाज यांचेही तसेच. सवयीने तीन पुढे आणि एक मागे काढले जाते आणि ती चूक चित्र कितीही देखणे असले तरी लगेच दिसते.

नऊला खंड्या, पांढऱ्या छातीचा. चोच डोक्यापेक्षा लांब, हे माप पेन्सिलीने मोजूनच घ्यावे. अंदाजाने काढणारे ती नेहमी आखूड करतात. पंखांच्या निळ्यात निळे रंगद्रव्य नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. त्यामुळे प्रकाश बदलला की रंग बदलतो आणि एकच निळा सपाट फासला की पक्षी मेलेला वाटतो. कोबाल्ट निळ्याचा पातळ थर द्या, वरच्या कडेला कागदाच्या दोन-तीन पांढऱ्या चिरा सोडा, वाळल्यावर फक्त सावलीत दुसरा थर द्या. डोक्याच्या चॉकलेटी रंगासाठी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात किंचित क्रिमसन लाल पुरतो. पाय इवलेसे आणि लाल. पुढची बोटे काही अंतरापर्यंत एकमेकांना जोडलेली असतात.

दहाला कोतवाल. काळा पक्षी काळ्या रंगाने काढायचा नाही, एवढे एकच लक्षात ठेवायचे. ट्यूबमधला काळा भरला की नुसती सावली उरते, पंख कुठे आणि पाठ कुठे ते कळत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिळून होणारा काळा घ्यावा. खांद्यावर आणि पाठीवर तो निळसर आणि पातळ ठेवावा, पोटाखाली अंबर वाढवून दाट करावा. चोचीच्या मुळाशी एक बारीकसा पांढरा ठिपका असतो, तो रंगाआधीच राखून ठेवावा. दुभंगलेल्या शेपटीची टोके बाहेर वळतात.

अकराला पांढरा धोबी. हा थंडीचा पाहुणा आहे. बारमाही दिसतो तो मोठा धोबी, काळ्या डोक्याचा आणि ठळक पांढऱ्या भुवईचा. यादीत नुसते 'धोबी' लिहिले तर निम्मे लोक एक काढतात आणि निम्मे दुसरा, म्हणून यादीत प्रत्येक नावासमोर शास्त्रीय नाव हवेच. परदेशातल्या मराठी सभासदांनाही त्याने सोय होते. लंडनच्या फुटपाथवर शेपटी हलवत फिरणारा काळा-पांढरा धोबी आपल्या पांढऱ्या धोब्याच्याच जातीचा आहे, तेव्हा त्या दिवशी त्यांना पर्यायी पक्षी शोधावा लागत नाही. धोबी काढताना हमखास होणारी चूक म्हणजे शेपटी कागदाबाहेर जाते, मग ती दामटून आखूड केली जाते. यावर उपाय सगळ्याच पक्ष्यांना लागू आहे: आधी चोचीचे टोक आणि शेपटीचे टोक अशा दोन खुणा करायच्या, मग बाकीचा पक्षी त्यांच्या मध्ये बसवायचा.

बारा तारखेला पीतकंठी चिमणी, हिलाच रानचिमणी म्हणतात. लहानपणी सालिम अलींनी एअरगनने पाडलेली अशी एक चिमणी ओळखता आली नाही म्हणून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातले पक्षी दाखवले, हे सर्वश्रुत आहे. ती सगळ्यांना दिसेलच असे नाही. न दिसल्यास घरची चिमणी काढावी, पण नर की मादी ते ठरवून. 'दोन्हींचे थोडे थोडे' असा पक्षी अस्तित्वात नसतो.

वीस मिनिटे कशी वापरायची याबद्दलही थोडे. पहिली तीन मिनिटे पेन्सिल खाली. पक्षी किती कलून बसला आहे, चोच डोक्याच्या मानाने किती लांब, मिटलेल्या पंखाचे टोक शेपटीच्या कितपत पुढे जाते, एवढे बघायचे. पुढची पाच मिनिटे आराखड्याची: पक्षी कललेला दाखवणारी रेघ, अंगासाठी अंडाकृती, डोक्यासाठी वर्तुळ. लगेच चोच आणि डोळा. डोळा शेवटी काढणाऱ्यांचे पक्षी भेदरलेले दिसतात, कारण उरलेल्या जागेत तो कोंबला जातो. जबड्याची फट मागे वाढवली तर डोळा बहुधा तिच्या थोडा वर आणि मागे येतो. हे जुळले की पक्ष्याची ओळख अर्धी पटते. डोळ्यातली चमक वरच्या बाजूला, कारण आभाळ वर आहे.

मग चार मिनिटे पाय आणि फांदीची. पक्ष्याचा गुडघा मागे वाकतो असे वाटते तो वास्तविक घोटा आहे. खरा गुडघा पोटाच्या पिसांत दडलेला असतो. बोटे अंगाच्या भाराखाली येतात की नाही ते अंगाच्या मध्यापासून खाली सरळ रेघ सोडून पाहावे. रेघ बोटांच्या बाहेर गेली तर पक्षी पडायला आलेला दिसणार. फांदी आधी काढावी, बोटे नंतर; उलट केले की बोटे फांदीवर ठेवल्यासारखी दिसतात, तिला धरून बसल्यासारखी नाहीत. उरलेली आठ मिनिटे रंगाची. सुटे पीस काढत बसू नये. खांद्याची पिसे, पंखावरची आच्छादने, उडण्याची लांब पिसे असे गट असतात. गटांच्या कडा दाखवल्या की काम होते.

ढोकरी, बगळे, पारवे, तारेवरची घार यांच्यापासून प्रत्यक्ष पाहून काढायला सुरुवात करावी. एका पानावर एकच चित्र पुरे करायचा हट्ट नको. पक्षी हलला की ते चित्र तिथेच सोडून शेजारी दुसरे सुरू करायचे; बहुतेक पक्षी पुन्हा पुन्हा त्याच ढबीत येतात, तेव्हा आधीच्याकडे वळायचे. दुर्बीण आणि पेन्सिल एकत्र धरता येत नाहीत, म्हणून दहा सेकंद बघून दुर्बीण खाली आणि आठवेल तेवढे कागदावर. सुरुवातीला चारच रेघा आठवतात. तेवढ्याही पुष्कळ आहेत. पुण्यात पाषाण तलाव किंवा कवडी, नागपुरात अंबाझरी, नाशिककडे नांदूर मधमेश्वर, गोव्यात चोडण बेटावरचे सालिम अली अभयारण्य, या ठिकाणी अंतर राखून बसायला जागा मिळते. घरट्याजवळ बसून रेखाटन करू नये आणि पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर आवाज लावू नये. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो समोर ठेवून काढलेली चित्रेही गटाने घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागणी राहिली की तसे फोटो काढले जातात.

फोटोवरून काढण्याला आमची ना नाही, रोज रानात कोण जाणार? पण एका पक्ष्याचे किमान तीन फोटो समोर ठेवावेत: एक बाजूने, एक समोरून, एक पायांचा. खालून घेतलेल्या फोटोत पोट मोठे आणि डोके लहान होते. फोन जवळ नेऊन टिपलेल्यात चोच फुगते. अलीकडे शोधल्यावर संगणकाने बनवलेल्या खोट्या चित्रांचीही गर्दी समोर येते. ती ओळखायची तर बोटे मोजा आणि पंखावरचे पिसांचे गट नीट लागतात का ते बघा. तिथेच गोंधळ सापडतो. ठिकाण आणि तारीख दिलेला फोटो घेतला की ही भीती कमी होते, आणि पिसांचा तो पोशाख कोणत्या मोसमातला तेही कळते. ईबर्डसारख्या नोंदींच्या संकेतस्थळावरच्या फोटोंना ही माहिती जोडलेली असते. फोटो ज्याचा असेल त्याचे नाव चित्राखाली लिहावे. त्यावरून काढलेले चित्र विकायचे असेल किंवा दिनदर्शिकेत छापायचे असेल तर नाव लिहून भागत नाही, परवानगी लागते. गटातच दोन-चार छायाचित्रकार असतात. त्यांनी यादीतल्या पक्ष्यांचे फोटो आधीच देऊन ठेवले तर प्रश्नच मिटतो. छापून गिरवलेल्या चित्राला बंदी नको, पण तसे सांगावे. गिरवल्याने हात बसतो, फक्त फोटोतली चूकही जशीच्या तशी उतरते.

गट चालवण्याबद्दल आमचा एक नियम ठाम आहे: चुकलेला दिवस चुकला. मागचे तीन पक्षी काढून मगच आजचा, असे ठरवले की चौथ्या दिवशी माणूस बसतच नाही. आजचा काढावा आणि पुढे जावे. महिनाभराच्या उपक्रमात आठवड्यातून एक दिवस रिकामा ठेवला तर ज्यांना मागचे काढायचेच आहेत त्यांचीही सोय होते. यादी पंधरा दिवस आधी द्यावी. चित्राखाली पक्ष्याचे नाव, प्रत्यक्ष की फोटोवरून, ठिकाण आणि लागलेली मिनिटे एवढे लिहायचे. वेळ लिहिली की नवख्यांना कळते की शेजारचे देखणे चित्र तीन तासांचे आहे, आपले वीस मिनिटांचे.

चित्राचा फोटो खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या ठिकाणी, फोन कागदाला समांतर धरून काढावा. स्कॅन करणारी ॲप कागद पांढरा करण्याच्या नादात फिकट वॉश खाऊन टाकतात आणि पोटावरची सगळी मेहनत गायब होते.

अभिप्रायांचे बोलायचे तर 'अप्रतिम', 'खूप छान' आणि हात जोडलेल्या खुणांनी कोणाचे काही सुधारत नाही. ओळखीची एक खूण बरोबर आली ती सांगा आणि एक दुरुस्ती सांगा, बस्स. 'बगळ्याची चोच काळी आणि बोटे पिवळी, म्हणजे लहान बगळा बरोबर ओळखता येतो; मान मात्र दोन ठिकाणी वळायला हवी', अशा एका वाक्याने पुढचे चित्र बदलते. गटात तीस-चाळीसहून जास्त माणसे झाली की असे अभिप्राय सगळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. मग दोन गट करावेत. क्रमांक आणि बक्षिसे तर नकोतच. बक्षीस आले की लगेच कागद मोठा होतो. मुलांसाठी यादी वेगळी हवी आणि त्यात शिंजीर, खंड्या असे चमकदार पक्षी टाळावेत. खडूने ते जमत नाहीत आणि मुले हिरमुसतात. कावळा, पारवा, बगळा, पोपट यांत त्यांना भरपूर मजा येते.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पक्ष्यांच्या बातमीबरोबर छापलेला फोटो कधी कधी भलत्याच पक्ष्याचा असतो. हे कोणत्या एका दैनिकाचे नाही, सगळीकडे होते. छापण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवले तर टळेल. पक्षीसप्ताहात आपण रोज एका पक्ष्याची छोटी चौकट दिलीत तर ज्यांच्या आसपास असा गट नाही त्यांनाही घरबसल्या भाग घेता येईल. फोटो कृष्णधवल असला तरी चालेल, मात्र बाजूने घेतलेला आणि पाय दिसणारा हवा. शेजारी शास्त्रीय नाव, लांबी सेंटिमीटरमध्ये, नोव्हेंबरातल्या रंगांची एक ओळ आणि हमखास होणाऱ्या चुकीची एक ओळ पुरे. आणि चौकट आदल्या दिवशीच्या अंकात यावी, म्हणजे पाच तारखेची साळुंकी चार तारखेला. सकाळी कामावर जाण्याआधी काढणारे बरेच असतात आणि अंक हातात पडेपर्यंत त्यांची वीस मिनिटे होऊन गेलेली असतात.

आपले,
पक्षी रेखाटणारे काही हौशी, पुणे